धबधबा निघून जातो, झरा राहतो

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं हे बोलणं. बोरीच्या गटातल्या मैत्रिणींनी मिळून ते तयार केलं आणि आळीपाळीनं वाचलं.)

बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी इथून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा. भाकरी थापत असाल तर थापा, शेंगा फोडत असाल तर फोडा, फक्त कान इकडं असू द्या. आज आपण बोलणार आहोत धबधब्यांबद्दल आणि ते ज्या घनदाट हिरव्या जंगलांत पडतात, त्या जंगलांबद्दल.

विषय ठरला तेव्हा आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, “बाई, इथं हापशाला पाणी न्हाई अन् तुम्ही धबधब्याचं काय सांगता?” आजींचं खरं आहे. पण शेवटपर्यंत ऐका. धबधब्याची गोष्ट शेवटी आपल्या हापशापर्यंतच येऊन थांबते.

मक्याची कणसं विकणारी बाई

गेल्या पावसाळ्यात आम्ही अकरा जणी भंडारदऱ्याला जाऊन आलो. वर्षभर दर महिन्याला पन्नास-पन्नास रुपये बाजूला टाकले होते, त्यात थोडी भर घालून गाडी ठरवली. आमच्यातल्या कित्येक जणींनी धबधबा फक्त मोबाइलवर पाहिला होता. प्रवरा नदीचा रंधा धबधबा समोर आला तेव्हा कुणाला बोलायलाच सुचेना. नदीच्या नदी कड्यावरून खाली दरीत उडी घेत होती. पाण्याचा आवाज छातीत वाजत होता आणि लांब उभं राहूनही लुगडी ओली होत होती.

तिथून पुढं रस्त्याच्या कडेला एका ओढ्यावर लहान धबधबा लागला. गुडघाभर पाणी होतं, लहान मुलं खेळत होती. आमच्यातल्या चौघी पाण्यात उतरल्या. तेवढ्यात कडेला मक्याची कणसं भाजणारी एक बाई जोरात ओरडली, “बाहेर या! पाणी गढूळ झालंय, बाहेर या!” आम्हाला काही कळेना, कारण आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता. पण तिचा आवाज असा होता की आम्ही निघालो. पाच-दहा मिनिटांत, ज्या दगडावर आम्ही बसलो होतो, तो दिसेनासा झाला. वर डोंगरात पाऊस झाला होता आणि त्याचं पाणी आता खाली पोचलं होतं.

जीव भांड्यात पडला तेव्हा आम्ही तिच्याजवळ कणसं खात बसलो. आमच्यातली एक म्हणाली, “तुमचं नशीब मोठं बघा, दाराशी एवढं पाणी.” ती हसली. म्हणाली, “तुम्ही आत्ता आलात. एप्रिलात या. तवा आम्हीबी टँकरची वाट बघतो.”

परत येताना गाडीत गाणी झाली, फुगड्यांचे बेत झाले, पण ते वाक्य काही आमच्या डोक्यातून जाईना. जिथं धबधबे कोसळतात, तिथंही टँकर? मग जगातल्या मोठ्या जंगलांत धबधबे वर्षभर पडतात म्हणतात, ते कसे? आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो, मुलांकडून समजून घेतलं. ते सगळं आज तुमच्यापुढं मांडतोय.

धबधब्याला दोन गोष्टी लागतात

धबधबा व्हायला एक पायरी लागते आणि दुसरं पाणी.

आधी पायरीचं बघू. सह्याद्रीचा डोंगर आणि आपल्या बोरीच्या शेताखालचा काळा पाषाण, दोन्ही एकाच घरातले. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून आतून तापलेला रस बाहेर आला. तो पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. एकावर एक धिरडी ठेवावीत तसे हे थर आहेत. काही थर टणक, काही जाळीदार आणि भुसभुशीत. विहीर खोदताना आपण हे पाहिलंच आहे. वर माती, मग मुरूम, मग मऊ खडक आणि मग असा काळा दगड की सुरुंगाशिवाय फुटत नाही.

नदी अशा थरांवरून वाहते तेव्हा खालचा मऊ थर आधी झिजतो. वरचा टणक थर छज्जासारखा पुढं राहतो. हळूहळू त्याचा आधार जातो आणि एक दिवस तो तुटून पडतो. पायरी उभीच राहते, फक्त थोडी मागं सरकते. म्हणजे धबधबा एका जागी नसतो. हजारो वर्षांत तो उगमाच्या दिशेनं मागं मागं जात असतो. खाली जिथं पाणी आपटतं तिथं खोल डोह होतो. पाण्याबरोबर आलेले गोटे खळग्यात अडकून गरगर फिरतात आणि जात्यासारखे दगडाला दळतात. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात असे रांजणासारखे खळगे आहेत. लोक त्यांना रांजणखळगेच म्हणतात.

आता पाणी. पावसाळ्यात समुद्रावरून वारा वाफ घेऊन येतो. सह्याद्रीची भिंत आडवी आली की त्याला वर चढावं लागतं. वर गेला की थंड होतो आणि सगळं ओझं तिथंच टाकतो. डोंगर ओलांडून आपल्याकडं येईपर्यंत त्याची झोळी बरीचशी रिकामी झालेली असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या परभणी जिल्ह्यात साधारण आठ-नऊशे.

मिलिमीटर म्हणजे काय, ते घरच्या मापात सांगतो. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अंगणावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर होतं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर आपल्याकडं तेवढ्याशा अंगणावर वर्षभरात पन्नास-साठ हंडे पाणी पडतं. आंबोलीला पडतं साडेचारशे हंड्यांहून जास्त.

म्हणजे आपल्याकडं पाणी पडतच नाही असं नाही. पंधरा हंडे नाही, पन्नास-साठ हंडे पडतं. ते जातं कुठं, हा खरा प्रश्न आहे.

जंगल पाण्याचं काय करतं

विषुववृत्ताच्या आसपास, जिथं बाराही महिने ऊब असते आणि पाऊस भरपूर, तिथं सदाहरित जंगलं वाढतात. त्यांना वर्षावनंही म्हणतात. दक्षिण अमेरिकेत अमेझॉनचं, आफ्रिकेत काँगोचं, आशियात इंडोनेशिया-मलेशियाकडचं. आपल्या सह्याद्रीत पाऊस मुख्यतः चार महिनेच पडतो, तरी आंबोली, भीमाशंकर, महाबळेश्वर अशा उंच आणि ओल्या जागी या जंगलाची भावंडं टिकून आहेत. जांभूळ, अंजनी, पिसा ही तिथली झाडं. त्यांची पानं एकदम झडून जात नाहीत, म्हणून जंगल बाराही महिने हिरवं दिसतं.

असं जंगल म्हणजे नुसती झाडांची गर्दी नसते. वर उंच झाडांचं छत, त्याखाली मधली झाडं, त्याखाली झुडपं आणि वेली, सगळ्यात खाली पालापाचोळ्याची गादी. पावसाचा थेंब आधी वरच्या पानावर आपटतो, मग खालच्या, मग फांदीवरून, बुंध्यावरून घरंगळत खाली येतो. जमिनीवर येईपर्यंत त्याचा जोर मोडलेला असतो. खाली त्याला पाचोळा धरून ठेवतो. मुळांच्या बाजूनं, गांडुळांच्या आणि मुंग्यांच्या बिळांतून तो जमिनीत उतरतो. तिथून भेगांमधून हळूहळू सरकत कुठंतरी खाली झरा होऊन बाहेर येतो. आज पडलेला थेंब काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी बाहेर येतो. पाऊस थांबल्यावरही ओढा वाहतो तो याच पाण्यावर.

आम्ही बैठकीत एक प्रयोग केला, तुम्हीही करा. दोन जुनी घमेली घ्या. दोन्हींत सारखीच माती भरा. एक उघडं ठेवा. दुसऱ्यावर गवताची मुळासकट ढेकळं आणि वाळका पाला पसरा. दोन्ही थोडी तिरकी ठेवा, खाली एकेक पातेलं ठेवा. आता झारीनं दोन्हींवर एकेक तांब्या पाणी ओता. उघड्या मातीवरून पाणी लगेच पळालं आणि पातेल्यात चहासारखं गढूळ पाणी जमलं. दुसऱ्या घमेल्यातून पाणी कमी आलं, उशिरा आलं आणि बरंच स्वच्छ आलं. आमच्या आजींनी एका वाक्यात सांगितलं, “एक पत्रा हाय अन् दुसरी गोधडी हाय.”

आंबोलीला या गोधडीचा पुरावाच आहे. तिथं हिरण्यकेशी नदीचा उगम एका देवस्थानाजवळ आहे. डोंगराच्या पोटातून पाणी येतं आणि कुंडात पडतं. त्या कुंडात एक लहानसा मासा सापडला. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची जगाला ओळख करून दिली आणि नदीवरूनच त्याचं नाव ठेवलं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. मासा जगतो याचा अर्थ ते पाणी खात्रीचं आहे. आंबोलीचा मोठा धबधबा पाहायला पावसाळ्यात हजारो लोक जातात, पण त्या गावाची खरी श्रीमंती या लहानशा झऱ्यात आहे.

जगातले तीन धबधबे

आता थोडं लांब जाऊन येऊ.

दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला देशात एंजल नावाचा धबधबा आहे. उंची ९७९ मीटर, जगात सगळ्यात उंच. आपण सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालायला दहा-बारा मिनिटं घेतो, जवळजवळ तेवढं अंतर उभं धरा. जिमी एंजल नावाच्या अमेरिकी वैमानिकानं १९३३ मध्ये तो विमानातून पाहिला, म्हणून हे नाव पडलं. पण तिथल्या पेमोन आदिवासींचं त्याला आधीपासूनच आपलं नाव आहे. त्याचा अर्थ, सगळ्यात खोल जागेचा धबधबा. तो एका सपाट माथ्याच्या प्रचंड डोंगरावरून पडतो. उन्हाळ्यात पाणी कमी असलं की त्यातलं बरंचसं खाली पोचायच्या आतच तुषार होऊन उडून जातं.

दुसरा इग्वासू, अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या सीमेवर. तिथल्या ग्वारानी लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ मोठं पाणी. तो एक धबधबा नाही, शेजारी शेजारी पावणेतीनशेच्या आसपास धबधबे आहेत. गंमत म्हणजे तिथला खडकही आपल्यासारखाच, थिजलेल्या रसाच्या थरांचा. त्याच्या भोवती राखलेलं जंगल आहे. पण नदीच्या वरच्या अंगाचं पुष्कळ जंगल शेतीसाठी तुटलं आहे. म्हणून पुराच्या दिवसांत ते पाणी तांबूस दिसतं. लोक त्या रंगाचेही फोटो काढतात. आपण शेतकरी बाया, आपल्याला तो रंग ओळखता येतो. ती कुणाच्या तरी रानातली माती आहे.

तिसरा आफ्रिकेतला, झांबेझी नदीवरचा व्हिक्टोरिया. रुंदी १७०८ मीटर, उंची १०८ मीटर. हे राणीचं नाव त्याला १८५५ नंतर मिळालं. तिथले लोक त्याला म्हणतात, गरजणारा धूर. आजूबाजूचा मुलूख कोरडा आहे, आपल्यासारखीच उन्हाळ्यात पानं झडणारी झाडं. पण धबधब्याच्या समोरच्या काठावर त्याचे तुषार पावसासारखे पडत राहतात आणि तेवढ्याच पट्ट्यात हिरवंगार वर्षावन उभं आहे. इतर ठिकाणी जंगल धबधब्याला पाणी पुरवतं, इथं धबधब्यानं जंगल वाढवलं. सततची ओल मिळाली की कोरड्या मुलखातही काय उगवू शकतं, ते तिथं दिसतं.

अमेझॉनच्या जंगलाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथली झाडं मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ करून सोडतात. त्या वाफेचे पुन्हा ढग होतात आणि पाऊस पडतो. तिथल्या पावसाचा मोठा वाटा असा जंगलाचाच असतो. आपल्याकडं मात्र चार झाडं लावली की ढग येतील असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. आपला पाऊस समुद्रावरून येतो. झाडं ढग ओढून आणणार नाहीत. पण पडलेला पाऊस ती धरून ठेवतील आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

चेरापुंजीची तहान

नुसता पाऊस पुरेसा नसतो, हे समजायला मेघालयातलं चेरापुंजी बघा. शाळेत आपण पाठ केलं होतं, सगळ्यात जास्त पाऊस चेरापुंजीला. वर्षाला अकरा हजार मिलिमीटरहून जास्त. तिथं नोहकालिकाई नावाचा धबधबा आहे, ३४० मीटर उंच. त्याला एका बाईचं नाव आहे. खासी लोकांची आख्यायिका अशी की लिकाई नावाची एक विधवा होती, पदरात लहान मुलगी. ओझी वाहून ती पोट भरायची. तिनं दुसरं लग्न केलं. नवऱ्याला त्या लेकराचा मत्सर वाटला आणि त्यानं लेकराचा जीव घेतला. हे कळल्यावर लिकाईनं त्या कड्यावरून उडी घेतली. नोहकालिकाई म्हणजे लिकाईची उडी.

त्याच चेरापुंजीत पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात, पाण्याची टंचाई होते. बायांना लांबून पाणी आणावं लागतं. लिकाईच्या डोक्यावर ओझं होतं, आजच्या बायकांच्या डोक्यावरही आहे. कारण काय? पठारावरचं जंगल गेलं, खाणी झाल्या, माती धुऊन गेली, खाली खडक उघडा पडला. पाऊस पडतो आणि कड्यांवरून खाली निघून जातो. याच राज्यात मॉफलांगसारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या देवराई राखली आहे. त्या राईतून पानसुद्धा उचलून न्यायचं नाही असा नेम आहे. तिथं झाडाखाली पाऊल ठेवलं तर जमीन गादीसारखी दबते.

आता आम्हाला त्या कणसंवाल्या बाईचं कोडं सुटलं. तिच्या गावाच्या वर डोंगर सरळ उभा आहे. माती पातळ, खाली कठीण खडक आणि पाऊस चारच महिने. उतारावरची झाडं जिथं तुटली किंवा वणव्यात जळली, तिथं पाणी थांबायला काहीच नाही. ते धावत ओढ्यात, ओढ्यातून धरणात आणि धरणातून खालच्या गावांना जातं. ठाणे-पालघरकडच्या शहापूर, मोखाड्यातही असंच. पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात टँकर.

मैत्रिणींनो, धबधबा म्हणजे निघून चाललेलं पाणी. ते दिसायला देखणं असतं, पण आपल्या हंड्यात येतं ते मागं राहिलेलं, जमिनीत मुरलेलं पाणी. जिथं वर जंगल धड असतं, तिथं दोन्ही मिळतं. जिथं नसतं, तिथं पावसाळ्यात फक्त धबधबा मिळतो.

रंध्याचं पाणी आपल्याकडं

हे सगळं लांबचं वाटेल, पण आम्ही पाहिलेली प्रवरा आपल्याशी नातं सांगते. ती रतनगडाच्या परिसरात उगम पावते. भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांच्या काळात बांधलं, १९२६ मध्ये पूर्ण झालं. रंधा धबधबा त्याच्या खाली आहे, म्हणून त्याला किती पाणी असावं हे आता पावसाबरोबर धरणावरही ठरतं. पुढं प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते. गोदावरी पैठणला जायकवाडीच्या नाथसागरात येते. तिथून डावा कालवा २०८ किलोमीटरचा, तो आपल्या परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. आणि गोदावरी स्वतः पाथरी, सोनपेठ, गंगाखेड करत पुढं जाते.

पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचं यावरून वाद होतो, आंदोलनं होतात, कोर्टकचेरी होते. ती आपण बातम्यांत ऐकतो. हक्काचं पाणी मागायलाच हवं. पण आम्हाला असंही वाटतं की सह्याद्रीतलं जंगल राहतं की जातं, हीसुद्धा आपली बातमी आहे. तिथली माती धुपली तर गाळ धरणांत बसणार आणि खाली आपल्या वाट्याचं पाणी कमी होणार.

बोरीत काय करता येईल

बोरीत आंबोलीचं जंगल होणार नाही. आपला पाऊस तेवढा नाही, माती वेगळी. पण जंगलाची युक्ती घेता येते. पाण्याचा जोर मोडायचा, त्याला थांबवायचं, मुरवायचं.

पहिली गोष्ट, कुठं मुरवायचं ते ओळखा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून आत जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि नंतरचं पाणी वरूनच वाहून जातं. म्हणून पाणी मुरवायची खरी जागा म्हणजे माळ, टेकडीचा उतार आणि मुरमाड जमीन. तिथं उताराला आडवे समतल चर खणायचे, चराच्या भरावावर गवत आणि झाडं लावायची, ओघळींत दगडांचे छोटे बांध घालायचे. माथ्यापासून सुरुवात करून पायथ्याकडं यायचं. खालचा नालाबांध आधी केला आणि वरचा उतार उघडा ठेवला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो.

दुसरी, जमीन झाकलेली ठेवा. बांध पेटवणं, माळाला काडी लावणं, सोयाबीनचं भुसकट जाळणं बंद करायचं. तो कचरा नाही, ती शेताची गोधडी आहे. नुसती झाडं मोजूनही भागत नाही. सागाची ओळीनं झाडं आणि खाली झाडून काढल्यासारखी उघडी जमीन असेल तर तिथूनही पाणी पळतंच. खाली गवत आणि पाला हवा. माळाचा एक तुकडा दोन-तीन वर्षं चराईपासून राखला तर गवत आपोआप येतं आणि ते कापून आणून गुरांना घालता येतं.

तिसरी, घरचा पत्रा. वीस फूट बाय दहा फुटांच्या पत्र्यावर आपल्याकडच्या पावसात वर्षाला पंधरा हजार लिटरच्या वर पाणी पडतं. पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून दिलं, उडालेलं-सांडलेलं वजा केलं, तरी बारा हजार लिटर, म्हणजे आठशे हंडे. एवढं साठवायला मोठी टाकी लागेल, ती सगळ्यांना परवडणार नाही. पण पन्हाळी लावून, वाळू-खडीच्या गाळणीतून ते पाणी शोषखड्ड्यात नेता येतं. प्यायला घ्यायचं तर गाळून, उकळून घ्या.

चौथी, मोजमाप ठेवा. आम्ही आमच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी दोरीनं मोजायला सुरुवात केली आहे. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी दोरीला दगड बांधून सोडायचा, पाण्यापर्यंत किती हात लागले ते वहीत लिहायचं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आठ नोंदी होतात. पुढच्या वर्षी त्याच महिन्याशी ताडून बघता येतं. ग्रामसभेत ‘पाणी कमी झालं’ म्हणणं वेगळं आणि वही उघडून ‘चार हात खाली गेलं’ म्हणणं वेगळं.

आणि हे काम मागायची जागाही आपल्याकडं आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. आपण जाऊन बसू. चर, बांध, गवत, झाडं ही कामं रोजगार हमीत बसतात. ती गावाच्या आराखड्यात घाला असा ठराव मांडू. काम निघालं तर मजुरीही आपल्यालाच मिळेल आणि पाणीही.

धबधबा पाहायला गेलात तर

जरूर जा. बाईमाणसानं कधीतरी गावाबाहेर पडावं. आपल्याला जवळचा म्हणजे पैनगंगेवरचा सहस्रकुंड, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर. पण एवढं लक्षात ठेवा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला, तर वस्तू तिथंच टाकून लगेच काठावर, उंचावर या. २०२४ मध्ये ३० जूनला लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. शेवाळलेल्या दगडावर पाय देऊ नका, कड्याच्या टोकाला फोटोसाठी जाऊ नका, डोहात उतरू नका, वरून दिसत नाही इतका तो खोल असतो. आणि स्थानिक बाई ओरडली तर ऐका. आम्ही ऐकलं म्हणून आज बोलतोय.

तिचं नाव विचारायचं राहून गेलं, याची रुखरुख आहे. एवढं ठरवलं आहे की यंदा गेलो तर एप्रिलात जाऊ, धबधबा नसेल तेव्हा. तिच्या गावात पाणी कसं आणतात ते बघू आणि आमच्या वहीतल्या नोंदी तिला दाखवू.

तुमच्या गावात एखादा झरा असेल, आटलेला किंवा वाहता, तर गटाच्या बैठकीत जुन्या बायकांना विचारा की तो पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा. ते लिहून काढा आणि आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ते सगळं इथं वाचून दाखवू.

आता चुलीकडं बघा, भाकरी करपायला नको. नमस्कार.